रकाना अकरा

आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी.
हे मी वर्षातून तीनशे वेळा सांगते,
मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत,
आणि शेवटी कॅलेंडरवर बोट ठेवून:
हा आजचा, हा चौदावा, मध्ये दोन रविवार.
रविवार धरायचे. रविवार सुटत नाहीत.

परदेशी विद्यार्थी कक्ष, तळमजला.
बाहेर गणेशखिंडीत मेट्रोचं खोदकाम,
आत एक टेबल, एक पंखा
आणि माझा स्टेपलर, जो मी कुणाला देत नाही.

मलावीची तडाला विचारते,
कॅम्पातल्या केकच्या दुकानात
संध्याकाळचे चार तास उभं राहिलं तर?
नाही चालत. या व्हिसावर शिकायचं, कमवायचं नाही.
रोख घेतले तर?
तरीही नाही.
ती मान हलवते, फीची पावती चार घड्या करून
पाकिटात सरकवते. पावती तेवढी लहान होत नाही.

येमेनच्या अनीसला रिटर्न भर म्हटलं
तर त्याचा चेहरा पडला.
त्याला वाटलं, परत पाठवतायत.
नाही रे बाबा, बँकेनं व्याजातून कर कापलाय,
अकराशे चाळीस रुपये. ते परत येतात,
पण मागावे लागतात.
न मागता काही परत येत नाही या खात्यात.

कात्रजचे धुमाळ फोनवर:
पोरगं सोन्यासारखं आहे हो मॅडम,
पण तो सी फॉर्म कशाला?
भाडं मी कुठं दाखवत...
आणि वाक्य तिथंच ठेवून खोकतात.
मी म्हणते, दाखवा.
तिसऱ्या दिवशी दाखवतात.
एका विद्यार्थ्यापायी एका पुणेकरानं कर भरला
ही नोंद करायला माझ्याकडे रजिस्टर नाही.

ओमदुर्मानचा मुअतसिम मुदतवाढीला आला होता.
मी फोनवर साहेबांना सांगत होते:
अर्ज आलाय, दाखला जोडलाय,
रक्कम भरलीय, फक्त तारीख द्या.
फोन ठेवला तर हा हसतोय.
म्हणाला, तुमच्या वाक्यातले अर्धे शब्द
आमच्या घरचे आहेत.
मुदत आमची. तारीख आमची. मुक्कामसुद्धा.
इतक्या लांब आले कसे?
मी म्हटलं, आले असतील घोड्यावरून,
चौदा दिवसांत नोंदणी केली नसेल,
मग राहूनच गेले.

दहा रकाने त्यानं भराभर भरले.
अक्षर सुरेख, खाडाखोड नाही.
अकराव्यावर पेन थांबलं.
अर्ज इंग्रजीत असतो,
मी सवयीनं मराठीत वाचून दाखवते:
कायमचा पत्ता.

कायम, तो म्हणाला. हाही आमचाच.
आमच्याकडे कायम म्हणजे उभा.
मग फोन पुढे केला.
हिरवं लोखंडी फाटक उभं.
मागच्या बाजूचा कडुलिंब उभा.
दोन्हींच्या मध्ये नुसतं ऊन.
सांगा, काय लिहू?

बावीस वर्षं झाली या खुर्चीत.
फाटलेल्या पासपोर्टचं काय करायचं ते ठाऊक आहे,
चुकलेल्या स्पेलिंगचं, हरवलेल्या पावतीचं,
नापास झालेल्या सेमिस्टरचंसुद्धा.

मी म्हटलं, पासपोर्टवर आहे तेच लिही.
अक्षर न् अक्षर जुळायला हवं.
आवाज नेहमीचाच काढला,
नियम सांगतानाचा.

त्यानं लिहिलं. घर क्रमांक, गल्ली,
मशिदीच्या मागे, मोहल्ला, शहर.
पासपोर्टवर मशीद नव्हती.
मला दिसलं. मी खोडायला लावलं नाही.

कागद नीट जुळवून त्यानं स्टेपलर मागितला.
मी दिला.
पिना संपलेल्या.
उद्या ये म्हणायची सोय नव्हती,
मुदत आजचीच होती.
चप्पल पायात सरकवली
आणि झेरॉक्सवाल्याकडे निघाले.